घरबसल्या विमानोड्डाण

मुलांनो, घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा आनंद देणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची २००६ सालची आवृत्ती लोकप्रिय होती. तीत विमानतळ हजारो होते. पण खालची बहुतेक भूमी ठरावीक चित्रे पुनःपुन्हा जोडून रंगविलेली असे. आपले गाव शोधू जावे, तो परकेच शिवार दिसावे! २०२० सालच्या आवृत्तीत आकाशातून टिपलेली खरी छायाचित्रे आली. आता नदीचे वळण पाहून गाव ओळखता येते.

मात्र विमानाचे नाक फार उचलले, तर पंखांना मिळणारा हवेचा आधार तेव्हाही सुटे, आजही सुटतो. नाक खाली करूनच तो परत मिळवावा लागतो. देखावा बदलला, हवेचा नियम बदलला नाही. म्हणून नव्याचा आनंद अवश्य घ्यावा. शिस्त मात्र जुनीच पाळावी.

प्रश्न : विमानाचा सुटलेला आधार परत कसा मिळतो?