ग्रामसभेतील साक्ष

‘शूरा’ म्हणजे सल्लामसलत आणि ‘शहादत’ म्हणजे साक्ष, हे दोन्ही शब्द आपल्या घरांत परिचित आहेत. दिव्य कुरआनच्या 42व्या सूरहचे नावच ‘अश्-शूरा’ आहे. तिच्या 38व्या आयतीत श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्ल्याने चालतात असे सांगितले असून, हा उल्लेख नमाज आणि अल्लाहच्या मार्गातील खर्च यांच्या मधोमध आला आहे. मात्र या दोन शब्दांचे आपसातील नाते आपण फारसे ध्यानात घेत नाही. सल्ला घेणाऱ्यापुढे खरी माहितीच आली नाही, तर सल्लामसलत हा निव्वळ उपचार ठरतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील प्रसंग पाहा. ते शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना तेथे प्लेगची साथ पसरल्याचे समजले. त्यांनी प्रथम मुहाजिरांना बोलावले; त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना बोलावले. त्यांचेही एकमत होईना. शेवटी कुरैशमधील ज्येष्ठांना विचारले, त्यांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला आणि उमर (रजि.) यांनी परतण्याची घोषणा केली. इतक्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. काही कामानिमित्त ते तोवर अनुपस्थित होते. त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडून स्वतः ऐकलेली शिकवण सांगितली : जेथे साथ आहे तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे ती आली तर तेथून पळून जाऊ नये. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते माघारी फिरले. तीन बैठका झाल्या, परंतु निर्णायक पुरावा ज्याच्याजवळ होता तो माणूस त्यांपैकी एकाही बैठकीत नव्हता!

आजची शासनव्यवस्थाही धोरण ठरवताना याच दोन गोष्टी मागते : पुरावा आणि लोकांचे मत. आपल्या गोंदिया जिल्ह्यात याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे 2006चा वनहक्क कायदा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलव्याप्त तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांच्या दाव्यांची पहिली छाननी कोणत्याही कचेरीत होत नाही. ती ग्रामसभा करते. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते आणि मग प्रकरण उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जाते.

या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, ती वाचताना मन थबकते. सरकारी कागदपत्रे तर तीत आहेतच. शिवाय जुनी विहीर, बांध, दफनभूमी अशा खुणाही आहेत आणि दावेदार सोडून गावातील अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही आहे. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याची आठवण हाच पुरावा!

आता विचार करा. आपल्या गावातील एखाद्या गोंड किंवा हलबा कुटुंबाचा दावा आहे. त्यांचे आजोबा ती जमीन कसत होते, हे तुमच्या घरातील दादाजींनी डोळ्यांनी पाहिले आहे. सभेच्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागेल किंवा कोणाशी वाईटपणा येईल, म्हणून ते घरीच बसले, तर त्याला काय म्हणावे? सूरह अल्-बकराच्या 283व्या आयतीत साक्ष लपवू नका अशी ताकीद आहे आणि ती लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरवले आहे. तो आदेश देवघेवीच्या संदर्भात आला असला, तरी सूरह अन्-निसाच्या 135व्या आयतीने न्यायासाठी साक्ष देणे हे व्यापक कर्तव्य केले आहे, मग ती साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात का जाईना. दावा खोटा असेल, तर तेही त्याच सभेत सांगावे लागेल. हा भाग अधिक कठीण आहे.

‘आपण बोलून काय होणार?’ हा प्रश्न येतो आणि तो खोडसाळ नाही. महाराष्ट्रातील मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी 2008 मध्ये डॉ. महमूदुर्रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याचा अहवाल 2013 मध्ये आला. 2014 मध्ये अध्यादेशाने मुस्लिमांतील मागास घटकांना शिक्षण व नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शैक्षणिक आरक्षण मात्र सुरू राहू दिले. आकडेवारी न्यायालयापुढे उपयोगी पडली. तरीही अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो संपुष्टात आला. पुरावा असला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु उहुद आठवा. मदीनेत राहूनच सामना करावा असा प्रेषितांचा (सल्ल.) कल होता, बाहेर पडण्याचा आग्रह अनेकांनी, विशेषतः तरुणांनी धरला आणि त्यांनी तो स्वीकारला. पुढे मोठी हानी झाली. त्यानंतर अवतरलेल्या सूरह आलिइमरानच्या 159व्या आयतीत सल्लामसलत सोडून द्या असे सांगितलेले नाही. या लोकांना क्षमा करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा, असाच आदेश आहे.

आणखी एक बाब, जी आपल्या मोहल्ल्यांत क्वचितच बोलली जाते. वनहक्कासाठीच्या ग्रामसभेत किमान निम्मे सदस्य उपस्थित असावे लागतात आणि त्या उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. घरातील स्त्रियांना थांबवून आपण एकटेच गेलो, तर कदाचित शेजाऱ्याचा ठरावच अडकेल. ग्रामसभेचा ठराव अमान्य असल्यास 60 दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबतही वडीलधाऱ्यांचे निवेदन लागू शकते. तेव्हा दादाजींना जे आठवते ते आजच, त्यांच्या सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी लिहून ठेवा.