पदयात्रेसाठी नकाशाची निवड : मनमाड ते शिर्डी
मनमाड जंक्शनवर उतरून येवला व कोपरगावमार्गे शिर्डीस पायी जाणारे भाविक अनेक आहेत. हे अंतर सुमारे ६० किलोमीटर असून रस्ता बहुतांशी सरळ दक्षिणेस जातो. मग नकाशाची गरज ती काय, असे पुष्कळांस वाटते. महामार्गाच्या कडेनेच चालावयाचे असल्यास त्यात काही तथ्यही आहे. तथापि अवजड वाहनांची वर्दळ टाळून गावरस्त्यांनी जाऊ इच्छिणाऱ्या मंडळींनी, विशेषतः रामनवमीसाठी चैत्राच्या उन्हात निघणाऱ्यांनी, योग्य नकाशा जवळ बाळगणे अगत्याचे आहे.

नकाशा निवडताना प्रथम त्याचे प्रमाण पाहावे. १ : २,५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर हा सर्व मार्ग अवघ्या २४ सेंटिमीटरांत सामावतो. मुक्कामांची आखणी करण्यास तो उत्तम. परंतु ओढा, पायवाट वा विहीर त्यावर शोधू नये. पायी चालणाऱ्यास १ : ५०,००० हेच प्रमाण उपयोगी पडते. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे हे स्थलनिर्देशक नकाशे टोपोशीट या नावाने परिचित आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरिकांसाठी त्यांची स्वतंत्र खुली मालिका सुरू झाली.

जुन्या क्रमांकांनुसार या मार्गास ४६ एल/८ व ४७ आय/५ अशी दोन पत्रके लागतात. येवल्याच्या थोडे दक्षिणेस २० अंश अक्षांशाची रेषा येते. तेथे पहिले पत्रक संपून दुसरे सुरू होते. खुल्या मालिकेतही हीच रेषा आड येते : उत्तरेकडील पत्रकांचे क्रमांक एफ४३ ने, तर दक्षिणेकडील ई४३ ने सुरू होतात. येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. मनमाड शहर पत्रकाच्या अगदी वरच्या कडेला येते, तर येवला, कोपरगाव व शिर्डी ही तिन्ही ठिकाणे पूर्वेकडील कडेलगत आहेत. म्हणजे वाट चुकून तीन-चार किलोमीटर पूर्वेस गेलेला यात्रेकरू नकाशाबाहेरच जातो! म्हणून पूर्वेचे ४६ एल/१२ हे पत्रकही जवळ असावे. वणीच्या गडाकडे जाणाऱ्यांचा मार्ग पश्चिमेस असल्याने त्यांना यांचा उपयोग नाही. त्यांनी ४६ एल/७, ४६ एल/३ व ४६ एच/१५ घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाची बाब पाण्याची. मनमाड परिसरातील पाणीटंचाई सर्वश्रुत आहे. टोपोशीटवर बारमाही पाणी निळ्या रंगाने दाखवितात, तर वर्षातील बहुतेक काळ कोरड्या राहणाऱ्या ओढ्या-नाल्यांचे पात्र काळ्या रेषेने. हा भेद न जाणता 'पुढे ओढा आहे' या भरवशावर रिकामी बाटली घेऊन दुपारी चालत राहणे जिवावर बेतू शकते. निळ्या रंगावरही डोळे झाकून विसंबू नये. गोदावरीचे कालवे नकाशावर निळे दिसतात खरे, परंतु त्यांत पाणी आवर्तनाच्या वेळीच असते. शिवाय भरल्या कालव्याच्या उतरत्या काठावरून पाय घसरण्याचा धोका असतो. नकाशातील विहिरीला आज पाणी आहे किंवा नाही, हे मागील गावातच विचारून घ्यावे.

यानंतर पत्रकाच्या समासातील सर्वेक्षणाचे वर्ष वाचावे, मुद्रणाचे नव्हे. जुन्या सर्वेक्षणावरील पत्रक नव्याने छापलेले असू शकते. पुणतांबा ते साईनगर शिर्डी हा २००९ साली सुरू झालेला रेल्वेफाटा ज्यात नाही, ते पत्रक त्याआधीचे समजावे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्यापासून खुला झालेला समृद्धी महामार्ग तर अनेक नकाशांत मुळीच आढळणार नाही. त्यावर पादचाऱ्यांस प्रवेश नाही आणि तो वाटेत आडवा येतो. तेव्हा त्याखालून जाणारा रस्ता कोठे आहे, हे आधीच पाहून जुन्या पत्रकावर पेन्सिलीने नोंदवावे. डोंगर मात्र बदलत नाहीत. मनमाडच्या दक्षिणेस अंकाई-टंकाईची जोडी व हडबीची शेंडी दुरून ओळखू येतात. नकाशा उत्तरेस जुळवून घेण्यास यांहून सोयीची खूण नाही.

नकाशावर लोहमार्ग सरळ व सोपा दिसतो, म्हणून रुळांवरून चालण्याचा मोह काहींना होतो. ते कायद्याने निषिद्ध व अत्यंत धोक्याचे आहे. कोपरगाव येथे गोदावरी पुलावरूनच ओलांडावी.

भ्रमणध्वनीवरील नकाशा अवश्य वापरावा, कारण नवे रस्ते त्यात लवकर दिसतात. मात्र तो निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावा, म्हणजे संपर्क नसतानाही चालेल. मोठ्या दिंडीत पुढे व मागे चालणाऱ्या अशा दोघांकडे कागदी पत्रकांचा एकेक संच असावा, आणि दोन्हींवर मुक्काम व पाण्याची ठिकाणे सारखीच खुणावलेली असावीत.