कोटीपोटातील जिवाणू आणि जनावरांची झोप

जनावर चारा किती खाते, दूध किती देते आणि औत किती ओढते याकडे शेतकऱ्याचे बारीक लक्ष असते. परंतु ते किती वेळ स्वस्थ बसते, किती वेळ रवंथ करते व केव्हा झोपते याचा विचार सहसा केला जात नाही. वस्तुतः जनावराची विश्रांती आणि त्याच्या पोटातील सूक्ष्म जिवाणू यांचा निकटचा संबंध आहे. जिवाणूंची घडी बिघडली म्हणजे पचन बिघडते, रवंथ करणे थांबते आणि त्याबरोबर येणारी स्वस्थ विश्रांतीही नाहीशी होते. सणावारी प्रेमाने भरविलेल्या अन्नाने धडधाकट बैल एक-दोन दिवसांत दगावतो, त्याच्या मुळाशीही हीच बिघडलेली घडी असते. यास्तव या विषयाची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे अगत्याचे आहे.

कोटीपोट आणि त्यातील जिवाणू

गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक पदार्थ मावतो. तेथील एका मिलिलिटर रसात साधारणतः १ हजार कोटी ते १० हजार कोटी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला आकाराने मोठे असे आदिजीवही असतात. या आदिजीवांचे वर्णन ग्रुबी व देलाफों या दोन शास्त्रज्ञांनी १८४३ साली प्रथम केले.

कडबा, भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत यांतील तंतुमय भाग पचविण्याची शक्ती जनावराच्या स्वतःच्या अंगी नसते. ते काम जिवाणू करतात. ते वैरण आंबवितात व त्यापासून सौम्य आम्ले तयार होतात. ही आम्ले रक्तात शोषली जाऊन जनावरास लागणाऱ्या शक्तीचा सुमारे ७० टक्के भाग पुरवितात. तात्पर्य, गाईस चारा घालणे म्हणजे प्रथम तिच्या पोटातील जिवाणूंना चारा घालणे होय.

हे जिवाणू नीट नांदावेत यासाठी कोटीपोटातील रसाचा सामू साधारणतः ६ ते ७ च्या दरम्यान राहावा लागतो. आम्ले तर सतत तयार होत असतात. त्यांचा जोर लाळेतील क्षारांमुळे कमी होतो. मोठ्या दुधाळ गाईच्या तोंडात दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते. लाळ सुटते ती चघळण्याने, म्हणजेच खाताना व रवंथ करताना. यावरून जनावराने निवांत बसून रवंथ करणे हा आळस नसून पचनाच्या कामाचाच एक भाग आहे, हे ध्यानात येईल.

गाय झोपते तरी केव्हा?

गाय कधी झोपतच नाही, असा अनेकांचा समज असतो. फ्रान्समधील तुलूझ येथील पशुवैद्यक शास्त्रज्ञ इव्ह रुकेबुश यांनी जनावरांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद घेऊन या प्रश्नाचा उलगडा केला. त्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून असे दिसून आले की, गाय चोवीस तासांत सुमारे ४ तास झोपते व सुमारे ८ तास पेंगते. ही झोप सलग नसून लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते. स्वप्ने पडणारी गाढ झोप तर दिवसाकाठी तासाभरापेक्षाही कमी असते. त्या वेळी गाय मान वळवून डोके अंगावर किंवा जमिनीवर टेकविते.

पेंगणे आणि रवंथ करणे या गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. डोळे अर्धवट मिटून गाय संथपणे रवंथ करीत असते, तेव्हा तिचा मेंदूही विसावा घेत असतो. डोके टेकवून गाढ झोप लागली म्हणजे मात्र रवंथ थांबते. पोटभर वैरण मिळालेले निरोगी जनावर दिवसाचे ७ ते ८ तास रवंथ करते आणि त्यातील बराचसा काळ बसून घालविते. वैरण अपुरी पडली किंवा ती पिठासारखी बारीक करून दिली, तर रवंथाचा काळ कमी होतो आणि लाळही कमी सुटते.

शेळ्यांवरील प्रयोग

जिवाणूंचा झोपेशी असलेला संबंध एवढ्यावरच संपत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जॉन पापेनहायमर व त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली शेळ्यांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काही शेळ्यांना दीर्घकाळ जागे ठेवले आणि त्यांच्या मेंदूभोवतीचा द्रव काढून तो अन्य प्राण्यांच्या मेंदूतील पोकळीत सोडला. तो द्रव मिळालेले प्राणी सुस्तावले व त्यांना झोप येऊ लागली. यावरून, जागरण केलेल्या शेळीच्या शरीरात झोप आणणारा एखादा पदार्थ साचत असावा, असे अनुमान निघाले.

तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यास पुढे अनेक वर्षे लागली. अखेर मानवी मूत्रातून तशाच गुणाचा पदार्थ वेगळा करण्यात यश आले. त्याचे पृथक्करण १९८२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तो म्युरामिल पेप्टाइड या वर्गातील असल्याचे आढळून आले. आश्चर्याची गोष्ट अशी की, हा पदार्थ जिवाणूंच्या पेशींच्या भिंतीचा घटक आहे. गाय, शेळी किंवा मनुष्य यांचे शरीर तो स्वतः तयार करू शकत नाही. तेव्हा तो शरीरात राहणाऱ्या जिवाणूंकडून, विशेषतः पोटातील जिवाणूंकडून येत असावा, असे मानण्यात येते. या वर्गातील पदार्थ सशांना टोचला असता त्यांची गाढ झोप वाढली. उलटपक्षी, उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू प्रतिजैविक औषधांनी कमी केले असता त्यांची गाढ झोप घटल्याचे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

येथे एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. हाच पदार्थ अधिक प्रमाणात शरीरात गेल्यास ताप येतो. मनुष्याच्या निद्रानाशावर अमुक एक जिवाणू हमखास औषध होय, असेही या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. मात्र पोटातील जिवाणू आणि मेंदूची विश्रांती यांचा परस्परांशी संबंध आहे, एवढे त्यांवरून स्पष्ट होते.

घडी कशी बिघडते?

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी बैलास पुरणपोळी, शिजविलेली बाजरी अथवा ज्वारी भरपूर भरविली जाते. लग्नसमारंभातील उरलेला भात व पोळ्या गाईपुढे टाकल्या जातात. कधी दावे तुटून जनावर खळ्यातील धान्याच्या राशीवर जाते. वैरणीवर वाढलेल्या जनावराच्या कोटीपोटात अशा पिष्टमय अन्नाची एकदम भर पडली म्हणजे तेथील तोल ढळतो. स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या नावाने ओळखले जाणारे जिवाणू झपाट्याने वाढून लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू ५ च्याही खाली उतरतो. तंतू पचविणारे जिवाणू व आदिजीव मरू लागतात. कोटीपोटाची हालचाल बंद पडते आणि शरीरातील पाणी पोटात ओढले जाते. मेलेल्या जिवाणूंच्या पेशींतून बाहेर पडणारी विषे रक्तात जातात. तीव्र प्रकारात एक ते तीन दिवसांत जनावर मरते.

दुधाळ जनावरांत हाच दोष सौम्य स्वरूपात अनेक दिवस राहू शकतो. अधिक दुधाच्या आशेने आंबोण वाढवून वैरण कमी केली म्हणजे रोज काही तास सामू खाली जातो. अशा वेळी दुधातील स्निग्धांश घटतो, शेण कधी पातळ तर कधी घट्ट पडते, पुढे खुरांस इजा होऊन जनावर लंगडते व त्यास सुखाने उठता-बसता येत नाही.

स्वस्थ विश्रांती की आजाराची गुंगी?

बसलेले प्रत्येक जनावर विश्रांती घेत असते, असे समजू नये. पोटात विष भिनलेले जनावरही डोळे मिटून पडून राहते व मालकास ते पेंगत आहे असे वाटते. या चुकीच्या समजुतीत मोलाचा वेळ वाया जातो. दोहोंतील भेद पुढीलप्रमाणे ओळखावा.

स्वस्थ जनावर बसल्यावर रवंथ करते, हाक मारताच कान हलविते, चाहूल लागताच मान वळविते, त्याची नाकपुडी ओलसर असते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली असता दर मिनिटास एक-दोनदा कोटीपोटाची हालचाल हातास जाणवते. आजारी जनावर रवंथ करीत नाही, दात खाते, वैरणीस तोंड लावीत नाही. त्याचे डोळे खोल जातात, शेण पातळ व आंबूस वासाचे होते, चाल झोकांड्या खाणारी असते आणि भकाळीची हालचाल मंद किंवा बंद असते. जनावराने भरपूर धान्य अथवा शिजविलेले अन्न खाल्ले असून त्याचे रवंथ करणे थांबले असेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.

पशुपालकांनी काय करावे?

१. कोणताही नवा चारा किंवा आंबोण एकदम सुरू करू नये. थोड्या प्रमाणापासून आरंभ करून दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर यावे. जिवाणूंना नव्या खाद्याची सवय होण्यास तेवढा काळ लागतो.

२. प्रथम वैरण व नंतर आंबोण घालावे. दिवसाचे आंबोण एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे.

३. एकूण खाद्याच्या कोरड्या वजनापैकी किमान ४० टक्के भाग वैरणीचा असावा. कुट्टी फार बारीक करू नये. ती सुमारे एक ते दीड इंच लांबीची ठेवावी.

४. सणाच्या दिवशी बैलास पुरणपोळीचा घास नैवेद्यापुरताच द्यावा. पोट भरण्यासाठी नेहमीची वैरणच घालावी. घरच्या प्रत्येक माणसाने वेगळा नैवेद्य भरविण्याऐवजी सर्वांनी मिळून एकच भरवावा.

५. औताच्या बैलास दुपारी जू सोडल्यावर चारा-पाणी करून सावलीत रवंथ करण्यास पुरेसा अवधी द्यावा. खाऊन होताच पुन्हा जुंपू नये.

६. गोठ्यातील जागा कोरडी ठेवावी व बसण्याच्या जागी उसाचे वाळलेले पाचट किंवा गव्हाचे काड पसरावे. दावे इतके आखूड नसावे की जनावरास मान वळवून डोके टेकविता येऊ नये. दुधाळ गाईस दिवसाचे १० ते १२ तास बसण्यास मिळाले पाहिजेत.

७. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक औषधे पाजू नयेत. रोगजंतूंबरोबर कोटीपोटातील उपयुक्त जिवाणूही त्यांनी मारले जातात.

८. अतिखाण्याचा संशय येताच धान्य व आंबोण बंद करून केवळ वाळलेली वैरण पुढे ठेवावी. खाण्याचा सोडा द्यावयाचा असल्यास त्याची मात्रा पशुवैद्यकास विचारावी. आडव्या पडलेल्या जनावरास ढोसणी देऊ नये. औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जरूर पडल्यास पशुवैद्यक निरोगी जनावराच्या कोटीपोटातील रस आजारी जनावरास देतात. त्यामुळे नष्ट झालेल्या जिवाणूंची नव्याने पेरणी होते.

जमिनीचा कस जसा तिच्यातील जिवाणूंवर अवलंबून असतो, तसाच जनावराचा कस त्याच्या कोटीपोटातील जिवाणूंवर अवलंबून असतो. त्यांस नियमित वैरण आणि जनावरास निवांतपणा मिळाला म्हणजे पचन व विश्रांती ही दोन्ही आपोआप साधतात. रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात एक फेरी मारावी आणि बसलेल्या जनावरांपैकी किती जनावरे रवंथ करीत आहेत ते मोजावे. निम्म्याहून अधिक जनावरे रवंथ करताना दिसली, तर गोठ्याची व्यवस्था ठीक आहे असे समजावे. त्यापेक्षा कमी दिसल्यास दुसऱ्या दिवशी गव्हाणीतील वैरण व आंबोणाचे प्रमाण अवश्य तपासून पाहावे.