समाजमाध्यमे आणि आंब्याची पेटी

प्रास्ताविक

बाजारात गेल्यावर आपण आंबा हातात घेतो, देठाजवळ नाक नेऊन त्याचा वास घेतो, हलकेच दाबून पाहतो आणि मगच भाव विचारतो. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आंब्याच्या बाबतीत ग्राहकाला यांपैकी काहीही करता येत नाही. त्याच्यापुढे असते ते एक छायाचित्र आणि विक्रेत्याने लिहिलेले चार शब्द. तेवढ्या आधारावर तो आगाऊ पैसे पाठवतो. म्हणून समाजमाध्यमांवरून व्यवसाय करणाऱ्याला मालाइतकीच भाषाही जपावी लागते. प्रस्तुत पाठात कोकणातील हापूस आंब्याच्या विक्रीचे उदाहरण घेऊन आपण या भाषेचा परिचय करून घेणार आहोत. तुमचा व्यवसाय मसाल्यांचा, शिवणकामाचा किंवा पणत्यांचा असला, तरी यातील बहुतेक गोष्टी तुम्हांला लागू पडतील.

पट्टीची वाट

समजा, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात एका कुटुंबाची साठ-सत्तर कलमांची बाग आहे. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो, मार्चपासून फळ उतरू लागते आणि जूनच्या पावसाबरोबर हंगाम संपतो. वर्षभराची खते, फवारण्या, राखण आणि मजुरी यांचा खर्च या अडीच-तीन महिन्यांत भरून निघावा लागतो. परंपरेने या पेट्या रात्रीच्या ट्रकने नवी मुंबईतील वाशीच्या बाजार समितीत जातात. तेथे आडत्या माल विकतो आणि काही दिवसांनी हिशेबाची पट्टी पाठवतो. आपल्या आंब्याला काय दर मिळाला, हे बागायतदाराला पट्टी हाती आल्यावरच कळते. तो आंबा कोणी खाल्ला आणि त्याला तो आवडला की नाही, हे तर कधीच कळत नाही.

फेसबुक २००४ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. भारतात २०१६ पासून यूपीआयमुळे मोबाइलवरून पैसे देणे-घेणे सोपे झाले, तर २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप आले. त्यात मालाची सूची चित्रांसह मांडता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. या साऱ्यामुळे देवगडच्या बागेला पुण्यातील, इंदूरमधील किंवा बडोद्यातील घराशी थेट बोलता येऊ लागले.

मात्र ‘समाजमाध्यम फुकट असते’ हा समज चुकीचा आहे. आडत्या जी कामे करीत होता ती आता घरावर पडतात. फळांची प्रतवारी, पेट्या भरणे, पत्ते लिहिणे, पार्सल पोचले की नाही याची चौकशी आणि रात्री दहा वाजता आलेल्या ‘आंबा गोड आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर, हे सर्व घरातल्याच कोणालातरी करावे लागते. ज्या घरात असे एक माणूस मोकळे नाही, तेथे निम्मा माल वाशीला आणि निम्मा थेट ग्राहकाला, असा मार्ग शहाणपणाचा ठरतो.

अनुयायांची संख्या हीही अशीच एक फसवी गोष्ट आहे. सत्तर कलमांच्या बागेला लाखभर अनुयायांचा काय उपयोग? तेवढा आंबाच नसतो. दरवर्षी न चुकता परत येणारी दीड-दोनशे घरे मिळाली, तर असा व्यवसाय उभा राहतो.

संदेशाची भाषा

पुढील संदेश वाचा.

“धमाका! धमाका!! जगातील एक नंबर अस्सल हापूस!!! शंभर टक्के नैसर्गिक! माल संपत आला आहे, आजच बुक करा! हा संदेश दहा जणांना पाठवा!”

या संदेशात उद्गारचिन्हे भरपूर आहेत. माहिती मात्र नाही. बाग कोठे आहे, पेटीत किती फळे आहेत, दर काय, आंबा पिकलेला की कच्चा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. ‘एक नंबर’ आणि ‘अस्सल’ हे शब्द तर प्रत्येकच विक्रेता वापरतो. त्यामुळे ते वाचूनही ग्राहकाच्या मनावर काही उमटत नाही. आता दुसरा संदेश पाहा.

“नमस्कार. आमची बाग देवगड तालुक्यात आहे. यंदाचा पहिला तोडा १२ एप्रिलला झाला. फळे गवतात अढी घालून पिकवीत आहोत. पेटी हाती पडेल तेव्हा आंबा अर्धवट पिकलेला असेल; तीन-चार दिवसांत खाण्याजोगा होईल. प्रत्येक फळ २०० ते २५० ग्रॅमचे आहे. दोन डझनांची पेटी १८०० रुपये. पाठवणीचा खर्च गावानुसार वेगळा. या आठवड्यात चाळीसच पेट्या देता येतील. पेटी येताच आंबे बाहेर काढून मोकळे मांडावेत, फ्रीजमध्ये ठेवू नयेत. मागणीसाठी नाव, पूर्ण पत्ता आणि पिनकोड कळवावा.”

येथे एकही स्तुतिपर विशेषण वापरलेले नाही, तरीही वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तारीख, वजन आणि दर हे आकडे ती कामगिरी करतात. ‘चाळीसच पेट्या’ यातील ‘च’ हे अव्यय पाहा. पहिल्या संदेशातील ‘माल संपत आला आहे’ ही धमकी वाटते. ‘चाळीसच’ ही वस्तुस्थिती वाटते. अर्थात पेट्या खरोखर चाळीस असतील तरच. पुढच्या दिवशी ‘अजून शंभर शिल्लक’ असे लिहिले, की त्या ‘च’ची किंमत गेली.

असा संदेश कोणाला पाठवावा, हेही महत्त्वाचे आहे. अनोळखी माणसांना न विचारता गटात ओढणे म्हणजे परक्याच्या घरात शिरून माल मांडण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतून गेलेला संदेश, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. ही अडचण वाटली, तरी ती सोयीची आहे. ज्यांना ऐकायचे आहे त्यांच्याशीच आपण बोलतो.

हंगामाबाहेरचे बोलणे

केवळ एप्रिलमध्ये जागा होणारा विक्रेता ग्राहकाच्या लक्षात राहत नाही. जानेवारीत मोहोराचे छायाचित्र, फेब्रुवारीत सुपारीएवढी झालेली फळे, अवकाळी पाऊस पडला तर गळलेल्या कैऱ्यांचा खच आणि मेमध्ये आंबा उतरवणाऱ्या गड्याच्या हातातील झेला, एवढे दाखवले तरी पुरे. गळलेल्या कैऱ्या दाखवण्याचा संकोच अनेकांना वाटतो. परंतु दर का वाढला, हे त्या एका चित्रातून जितके कळते तितके दहा ओळींच्या खुलाशातून कळत नाही. छायाचित्र मात्र स्वतःच्याच बागेतील हवे. दुसऱ्याने काढलेले चकचकीत चित्र उचलून लावणे ही पहिली खोटी पेटी होय.

साका आणि तक्रार

खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. हापूसच्या फळात ‘साका’ नावाचा एक दोष आढळतो. आतील गर पांढरट, दडस आणि आंबट होतो. तापलेल्या जमिनीची उष्णता हे त्यामागील एक कारण मानले जाते. चौदा आणे तयार झालेले फळ वेळेवर उतरवले, तर साक्याचे प्रमाण कमी राहते. (जुना रुपया सोळा आण्यांचा असे, कोकणात फळाची पक्वता आजही त्या हिशेबाने सांगतात.) पण बाहेरून फळ कितीही देखणे असले, तरी साका कापल्याशिवाय दिसत नाही.

इंदूरच्या ग्राहकाने फेसबुकवर सर्वांसमक्ष लिहिले, “चोविसापैकी चार आंबे खराब. शुद्ध फसवणूक!” अशा वेळी ‘इतर कोणाचीही तक्रार नाही’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. तक्रार पुसून टाकण्याचा मोह त्याहूनही मोठा असतो. ती वाचणारे इतर पन्नास जण मात्र विक्रेता काय करतो, हेच पाहत असतात. त्यांच्यासाठीही पुढील उत्तर उपयोगी पडेल.

“काका, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. छायाचित्रावरून हा साका दिसतो. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. तरी आपण चांगल्या फळाचे पैसे दिले आहेत. म्हणून चार फळांचे ३०० रुपये आज परत पाठवीत आहोत. उरलेले आंबे कसे निघाले, तेही अवश्य कळवा.”

येथे दिलगिरी आधी आली आहे आणि कारण नंतर. हा क्रम उलटला, तर तेच कारण सबब वाटू लागते.

नावाचा अधिकार

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला ते नाव कायद्याच्या संरक्षणासह वापरता येते. दुसऱ्या प्रांतातून आणलेला आंबा ‘देवगड’ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, तशीच शेजारच्या बागायतदाराच्या पोटावर पाय देणेही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास देशात बंदी आहे. तेव्हा ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ असे लिहिणाऱ्याने ते पाळलेही पाहिजे. आंबापोळी किंवा मुरंबा विकायचा असेल, तर अन्नसुरक्षा विभागाकडील नोंदणी आधी करावी.

विक्रेत्याचीही फसवणूक होते. ‘पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका’ असे कोणी म्हणाला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही.

पाठावर आधारित कृती

तुम्ही तयार करीत असलेल्या किंवा तुमच्या परिसरात तयार होणाऱ्या एका वस्तूसाठी सुमारे साठ शब्दांचा संदेश लिहा. त्यात ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्तम’, ‘अस्सल’ यांसारखे एकही विशेषण वापरू नका.

मुलाच्या मुंजीसाठी मागवलेली पेटी दोन दिवस उशिरा पोचली, अशी एका ग्राहक भगिनीची तक्रार आली आहे. चूक पार्सल पोचविणाऱ्याची आहे, तुमची नाही. तिला उत्तर लिहा आणि ते घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा.