लॅपटॉप चार्ज होत नाही? आधी मोजा, मग बोर्ड बदला

आज हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारपेठेत कोणताही धंदा घ्या, कापड असो, किराणा असो की हळदीची आडत, खतावणीची जागा आता लॅपटॉपने घेतली आहे. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, गिऱ्हाइकांची उधारी, सारे त्या एका पेटीत असते. ही पेटी चार्ज होईनाशी झाली की हिशेब अडतो. मग दुरुस्तीवाल्याकडे धाव घ्यावी लागते आणि तेथे पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "मदरबोर्ड गेला." नवा बोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या किमतीचा मोठा हिस्सा. लहान दुकानदाराला हा खर्च जड जातो.

वास्तविक, टाइप-सी चार्जिंगच्या कितीतरी तक्रारींत संपूर्ण बोर्ड गेलेला नसतो. दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा एखाद्या छोट्या आयसीमध्ये असतो. तो शोधण्याची एक पद्धत आहे. ही पद्धत दुरुस्तीचे काम करणाऱ्या आपल्या तरुण कारागिरांना यावी आणि व्यापारी बंधूंनाही योग्य प्रश्न विचारता यावेत, या हेतूने हा धडा देत आहोत.

टाइप-सीचा स्वभाव

जुन्या गोल पिनेच्या चार्जरचे काम सरळ होते. भिंतीत लावला की पिनेवर १९ व्होल्टच्या आसपास वीज हजर. टाइप-सीचे तसे नाही. २०१४ साली जाहीर झालेल्या या जोडणीत २४ पिना असतात आणि चार्जर व लॅपटॉप यांच्यात आधी बोलणी होते. सौदा ठरल्याशिवाय माल हलत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बोलणीसाठी सीसी-१ आणि सीसी-२ अशा दोन पिना राखून ठेवलेल्या आहेत. लॅपटॉपच्या बाजूने या पिनेवर ५.१ किलोओहमचा रोध असतो. तो दिसला की चार्जर प्रथम ५ व्होल्ट सोडतो. नंतर लॅपटॉपमधील पीडी कंट्रोलर नावाची आयसी त्याच तारेवरून आपली मागणी कळवते आणि चार्जर ९, १५ किंवा २० व्होल्ट देतो. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात.

यावरून पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. टाइप-सी चार्जरचे मोकळे टोक मल्टिमीटरने मोजले आणि शून्य व्होल्ट आले, तर चार्जर मेला असे समजू नये. समोर कोणी नसताना त्याने गप्प राहणे हाच त्याचा नियम आहे.

दुकानातच करायची तपासणी

बोर्ड उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पोर्ट चार्जिंगचे आहे काय? काही लॅपटॉपमध्ये एखादे टाइप-सी पोर्ट केवळ डेटासाठी असते. त्यात चार्जर लावून काही होणार नाही.

२) चार्जरवरील छापील आकडे वाचा. मोबाईलचा चार्जर २० व्होल्ट देईलच असे नाही. तो न दिल्यास लॅपटॉप चार्ज होणार नाही किंवा फार सावकाश होईल.

३) केबल बदलून पाहा. साधी केबल ३ अँपियरपर्यंत चालते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून अधिकासाठी आत ओळख-चिप असलेली ५ अँपियरची केबल लागते. ती नसली तर चांगला चार्जरही हात आखडता घेतो.

४) पोर्टमध्ये विजेरीचा उजेड टाकून पाहा. आम्हा कापडवाल्यांच्या दुकानात धाग्याचे बारीक तंतू हवेत असतातच. ते पोर्टमध्ये दाबून बसतात आणि केबल पूर्ण आत जात नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने ते काढावेत. सुई किंवा टाचणी घालू नये.

५) केबल उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज होते आणि दुसऱ्या बाजूने होत नाही, असे आढळले तर एका सीसी पिनेची वाट तुटलेली असण्याचा संशय घ्यावा. हा तपास फुकटचा आहे, पण त्यातून पुष्कळ कळते.

६) दुसरे पोर्ट असेल तर त्यात लावून पाहा. तेथे चार्ज झाले तर बॅटरी आणि चार्जिंगची मुख्य आयसी ठीक आहे. दोष पहिल्या पोर्टमध्ये, त्याच्या वाटेत किंवा त्याच्या कंट्रोलरमध्ये आहे.

७) चार्जर काढून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावा. तसेच ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू आहे काय ते पाहा. ती चालू असेल तर हा बिघाड नव्हेच.

मीटर काय सांगते

चार्जर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावायचे छोटे टाइप-सी मीटर मिळते. दुरुस्तीच्या दुकानात ते असलेच पाहिजे. त्यावरील आकड्यांचा अर्थ असा:

० व्होल्ट: चार्जरला लॅपटॉप दिसतच नाही. पोर्टची सीसी पिन, तिची वाट किंवा पीडी कंट्रोलर तपासावा.

५ व्होल्ट, अँपियर जवळजवळ शून्य: ओळख झाली, सौदा झाला नाही. चार्जर पीडीचा आहे ना, हे आधी पाहावे. तो ठीक असेल तर कंट्रोलर किंवा त्याचा ३.३ व्होल्टचा पुरवठा संशयास्पद. मात्र बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबून मगच मत बनवावे.

५ वरून २०, पुन्हा ५ किंवा ०, असे सारखे वर-खाली: सौदा होतो, पण भार घेताच कोणीतरी हात मागे घेतो. आत शॉर्ट असण्याची शक्यता आहे. सैल पोर्टमुळेही असे होते.

२० व्होल्ट स्थिर, अँपियर शून्याजवळ: बोलणी पूर्ण झाली. आता दोष पुढे आहे. आत येणारा मॉसफेट उघडत नाही, चार्जिंग आयसी काम करत नाही किंवा बॅटरी भरलेली अथवा खराब आहे.

२० व्होल्ट आणि १ ते ३ अँपियर: बोर्ड वीज घेत आहे. तरीही टक्के वाढत नसतील तर बॅटरीकडे पाहावे.

बोर्ड उघडल्यावर

सर्वप्रथम चार्जर काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. पोर्टचे टाके भिंगाखाली पाहावेत. रोजच्या ओढाताणीने टाके उकलतात. तसे असल्यास पोर्ट बदलणे पुरेसे होते.

नंतर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून, लाल टोक जमिनीला आणि काळे टोक पिनेला लावून, सीसी-१ व सीसी-२ यांचे आकडे घ्यावेत. दोन्ही जवळपास सारखे हवेत. एक शून्याजवळ असेल तर तेथे शॉर्ट आहे, एक उघडा दाखवत असेल तर वाट तुटली आहे. बंद बोर्डवर ५.१ किलोओहमच दिसेल असे मानू नये, कारण तो रोध पुष्कळदा आयसीच्या पोटात असतो.

या पिनेच्या अगदी शेजारी वीज आणणारी व्हीबस पिन असते. चहाचा थेंब, ओल किंवा वाकलेली पिन यांमुळे २० व्होल्ट सीसीवर उतरले तर कंट्रोलर जळू शकतो. तो बदलताना एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ कंट्रोलरना त्या मॉडेलचे फर्मवेअर लागते. कोरी आयसी बसवली आणि काम झाले नाही, तर दोष टाक्याचाच असे नाही.

मग व्हीबस आणि मुख्य वाट यांचा जमिनीशी रोध मोजावा. काही ओहमच आले तर शॉर्ट आहे. तो शोधण्यासाठी प्रयोगशाळेच्या पॉवर सप्लायमधून १ व्होल्टपासून सुरुवात करावी आणि कोणता भाग तापतो ते पाहावे. अनेकदा एखादा चिमुकला कपॅसिटर गुन्हेगार निघतो. थेट २० व्होल्ट देऊ नयेत, त्याने चांगले भागही जातात.

व्यवहाराची बाजू

आपल्या दीनमध्ये माप-तोलाला किती महत्त्व आहे हे सांगायला नको. सूरह मुतफ्फिफीन कमी मापणाऱ्यांच्या ताकिदीनेच सुरू होते. गजाने कापड मोजणाऱ्याला जो हुकूम, तोच मल्टिमीटर धरणाऱ्यालाही लागू आहे. न मोजता "बोर्ड गेला" म्हणणे हे कमी मापण्यासारखेच आहे. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप ही अमानत आहे. त्यात त्याचा हिशेब आणि घरचे फोटोही असतात.

म्हणून कारागीर बंधूंनी आलेले आकडे कागदावर लिहून द्यावेत: मीटरवर किती व्होल्ट, किती अँपियर, कोणता भाग बदलला. जुना भाग परत करावा. जे काम हाताबाहेरचे आहे ते साफ सांगावे. व्यापारी बंधूंनीही तपासणीची मजुरी द्यायला कुरकुर करू नये. ज्ञान आणि वेळ यांचेही मोल असते. "बोर्ड गेला" असे ऐकल्यावर फक्त इतके विचारावे, "मीटरवर काय आले?"

भारतीय मानक ब्यूरोने २०२३ च्या जानेवारीत टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने तर मोबाईलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून हीच जोडणी ठरवली. म्हणजे हे काम वाढतच जाणार आहे. ज्या तरुणांना मोबाईल दुरुस्तीचे टाके जमतात, त्यांनी एक चांगले मल्टिमीटर, एक टाइप-सी मीटर आणि एक भिंग एवढ्या सामानावर हा हुन्नर शिकायला सुरुवात करावी. खराब झालेल्या भंगार बोर्डांवर हात बसवावा, गिऱ्हाइकाच्या मालावर नव्हे. मेहनत आणि सचोटी यांनी कमावलेल्या रोजीत अल्लाह बरकत देवो. आमीन.