अंगावरचा काटा काय सांगतो?

हिवाळ्यात गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला, की दंडावर सर्रकन काटा येतो. पापण्यांसारखे अपवाद सोडले, तर अंगावरच्या बहुतेक केसांच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू तिरका जोडलेला असतो. तो आखडला की केस ताठ होतो आणि त्याच्या मुळाभोवतीची त्वचा वर उचलली जाते. थंडी, भीती किंवा गाण्यातली एखादी जागा, कारण कोणतंही असो; अनुकंपी चेतासंस्था नॉरॲड्रेनलिन सोडते आणि स्नायू कामाला लागतो.

कुत्रा दिसताच मांजर फुगते ती याच स्नायूंच्या जोरावर. दाट केसांत हवा अडकून प्राण्यांना ऊबही मिळते. माणसाची लव विरळ असल्याने तो फायदा जवळजवळ उरलेला नाही.

मग हे स्नायू निरुपयोगी आहेत का? हार्वर्ड आणि तैवानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. याच स्नायूच्या आधाराने चेतातंतू केसांच्या मूळपेशींपर्यंत पोचतात आणि थंडी लांबली तर नवे केस उगवायला चालना देतात. मात्र केस वाढावेत म्हणून माणसांनी गार पाण्याने अंघोळ करण्याला यातून आधार मिळत नाही.

नुसत्या काट्याला औषध लागत नाही. त्याच्यासोबत आणखी काय होतंय, ते पाहावं.

तापात मेंदू शरीराच्या तापमानाची पातळी वर नेतो, म्हणून अंग तापत असतानाही काटा येतो आणि हुडहुडी भरते. अशा वेळी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवू नयेत, कापरं वाढतं. पातळ पांघरूण द्यावं, थंडी ओसरली की काढावं. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर मलेरियासाठी रक्त तपासण्यात दिरंगाई नको.

दंड-मांड्यांवरचा कायमचा खरखरीतपणा हा काटा नव्हे. तिथे केसांच्या तोंडाशी केराटिन साचलेलं असतं. घासून ते जात नाही, उलट त्वचा चिडते. अंघोळीनंतर लगेच युरियायुक्त क्रीम लावावं. पण थंडीत किंवा स्पर्शाने दुखणाऱ्या लालसर-तपकिरी गाठी असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. क्वचित त्या याच स्नायूंच्या असतात.

मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांना काट्यासोबत डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं असा त्रास झाला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णाला ताबडतोब बसवावं, कपडे सैल करावेत, लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहावं आणि विनाविलंब रुग्णालय गाठावं.