पाळी थांबताना घ्यायची काळजी

साधारण ४५ ते ५५ या वयात शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. या काळात अंगातून वाफा येतात, रात्री घाम येतो, झोप मोडते, चिडचिड होते. ‘आई हल्ली उगाच चिडते’ म्हणणाऱ्या मुलांनाही हे कारण सांगा.

रोज एवढे करा :
१) सुती, सैल कपडे घाला.
२) संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा, तिखट कमी खा.
३) हाडांसाठी नाचणीची भाकरी, तीळ, दूध घ्या, अर्धा तास भरभर चाला.

मात्र वर्षभर थांबलेली पाळी ‘परत आली’ असे वाटले, थेंबभर जरी रक्त दिसले, तरी घरगुती उपाय करत बसू नका. कधी कधी ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असते. लगेच डॉक्टरांना दाखवा.